चोक ओढला की चालते, सोडला की बंद पडते: जुन्या बाईकच्या कार्बोरेटरचं दुखणं ओळखायचं कसं?

पावसाळा सरत आला होता. सकाळी सातलाच शेजारचे काका दारात उभे. अंगात बनियन, हातात गाडीची किल्ली. “अरे, गाडी चोक ओढला की चालते, चोक बंद केला की मान टाकते. ते वीस टक्क्यांचं पेट्रोल नडलं बघ. गॅरेजवाला म्हणतो, कार्बोरेटरच बदला.”

काकांची गाडी २००५ सालची, शंभर सीसीची. महिनाभर ते लेकीकडे होते आणि गाडी जिन्याखाली उभी. मी म्हटलं, “काका, बदलू नका. आधी चहा घ्या, मग उघडून बघू.”

जुन्या गाडीवाल्यांच्या तोंडी सध्या हीच चर्चा आहे. २०२५ मध्ये देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, म्हणजे ई-२०, सर्रास मिळू लागलं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचाही पर्याय द्या, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. दुसरीकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यामुळे तो उघडून बसणारे हातही कमी होत चाललेत. गाडी अडखळली की दोनच उत्तरं मिळतात: “इथेनॉल” किंवा “नवा टाका”. बहुतेक वेळा दोन्ही चूक असतात.

कार्बोरेटर करतो तरी काय?

हवा आणि पेट्रोल ठराविक प्रमाणात मिसळून इंजिनाला देणं, एवढंच त्याचं काम. साध्या पेट्रोलच्या एका ग्रॅमला पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल त्याहून जास्त झालं तर मिश्रण ‘रिच’, कमी पडलं तर ‘लीन’. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागतील.

ज्यांच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना हे वेगळं सांगायला नको. रॉकेल जास्त आलं की पिवळी ज्योत आणि पातेल्याला काजळी. छिद्रात कचरा अडकला की ज्योत फडफडायची आणि आई पिन शोधायला लागायची. कार्बोरेटर म्हणजे असाच एक स्टोव्ह, फक्त त्याची ज्योत दर क्षणाला लहानमोठी करावी लागते.

ही करामत एका अरुंद गळ्यावर चालते. दोन इमारतींमधल्या बोळात वारा जोरात लागतो, तसं पिस्टन खाली गेला की हवा या गळ्यातून वेगाने धावते. हवेचा वेग वाढला की तिथला दाब घटतो. खाली एका वाटीत पेट्रोल साठवलेलं असतं, त्यावर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब. हा दाब पेट्रोलला बारीक छिद्रातून वर ढकलतो आणि त्याचा फवारा होतो. खेचाखेची नाही, ढकलाढकली आहे. हे बारकाव्याने सांगण्याचं कारण पुढे टाकीच्या झाकणापाशी येईल.

वाटीतली पातळी सांभाळतो फ्लोट. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो ना, पाणी भरलं की वर येऊन नळ बंद करणारा? तेच काम. फ्लोट वर आला की एक टोकदार सुई पेट्रोलचं तोंड बंद करते.

एक नाही, तीन वाटा

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पेट्रोल आत यायच्या मुख्य वाटा तीन आहेत आणि त्या आळीपाळीने काम करतात.

गाडी जागेवर पुटपुटत असते किंवा ॲक्सिलेटर जेमतेम फिरवलेला असतो, तेव्हा पेट्रोल येतं पायलट जेटमधून, म्हणजे नेमक्या मापाचं छिद्र असलेल्या बारीक पितळी नळीतून. मेकॅनिक त्याला ‘स्लो जेट’ म्हणतात. साधारण पाव ॲक्सिलेटरपासून पाऊण ॲक्सिलेटरपर्यंत सूत्रं जातात दुसऱ्या एका निमुळत्या सुईकडे. ती स्लाइडला, म्हणजे ॲक्सिलेटरच्या तारेने वर-खाली होणाऱ्या गळ्यातल्या पडद्याला, टांगलेली असते. स्लाइड वर गेली की सुई वर उठते आणि तिच्या भोवतीची फट मोठी होते. पाऊण ॲक्सिलेटरच्या पुढे हिशोब मेन जेटचा.

म्हणजे गाडी त्रास देते हे कळून भागत नाही. किती ॲक्सिलेटरला देते, हे कळलं की अर्धं निदान झालं. त्यासाठी दोन रुपयांची युक्ती आहे. मुठीवर आणि शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर पांढरी चिकटपट्टी लावा. पूर्ण बंद, पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा पेनने करा. मोकळ्या रस्त्यावर, गाडी गरम झाल्यावर, प्रत्येक खुणेवर मूठ स्थिर धरून अर्धा मिनिट चालवा. “पिकअप नाही” असं मोघम सांगण्यापेक्षा “पाव ते अर्ध्यात धक्के खाते” असं सांगितलंत तर मिस्त्रीही सरसावून बसतो.

काकांची गाडी आता स्वतःच बोलू लागते. चोक म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप. ती ओढली की हवा अडते आणि मिश्रण रिच होतं. (काही गाड्यांत झडप नसते, चोक ओढल्यावर जादा पेट्रोलची वेगळी वाट उघडते. परिणाम तोच.) चोकवर चालते आणि चोक सोडला की मरते, याचा अर्थ कमी ॲक्सिलेटरला पेट्रोल पुरत नाही. एक तर पायलट जेट तुंबलाय, नाहीतर कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय.

उलटं लक्षण म्हणजे काळा धूर, पेट्रोलचा वास, काळाकुट्ट कोरडा प्लग, गरम झाल्यावर सुरू व्हायला कुरकुर. हे रिच. चोक अर्धवट अडकलाय, एअर फिल्टर मातीने भरलाय किंवा फ्लोटची पातळी चढलीय. प्लगच्या टोकाचा रंग फिकट चॉकलेटी हवा. पांढराफटक दिसला तर लीन, आणि ते जास्त धोक्याचं. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीत लीन मिश्रणावर लांब पल्ला मारला तर पिस्टन तापून जाम होऊ शकतो.

आधी टाकीपासून निघा

कार्बोरेटरला पाना लावण्याआधी पेट्रोल त्याच्यापर्यंत पोचतंय का, ते बघा. हे मी ठेच खाऊन शिकलो. एकदा माझी गाडी दर आठ-दहा किलोमीटरला बंद पडायची. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. एका गॅरेजमध्ये कार्बोरेटरचं पूर्ण किट बदललं, गुण शून्य. शेवटी रस्त्याकडेच्या एका म्हाताऱ्या पंक्चरवाल्याने टाकीचं झाकण उघडलं. सुस्स करून हवा आत गेली. “दादा, हिला श्वास घेता येईना,” एवढंच म्हणाला.

झाकणात हवा आत यायला बारीक छिद्र असतं. ते मातीने बुजलं की पेट्रोल जसं खाली उतरतं तशी टाकीत पोकळी तयार होते, आणि मग ढकलायला दाबच उरत नाही. तपासायला काही लागत नाही. गाडी बंद पडली की झाकण उघडा आणि लगेच किक मारा.

त्यानंतर पेट्रोल कॉक. नळी काढून खाली काचेची बाटली धरा आणि कॉक ‘ऑन’ करा. धार सरळ, अखंड हवी. थेंब थेंब येत असेल तर कॉकची जाळी तुंबलीय. हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना करा. आसपास बिडी-सिगारेट, देवाजवळची समई काही नको. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायची मर्दुमकी तर अजिबात नको.

एअर फिल्टर, प्लग, प्लगची टोपी आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) हेही आधीच उरका. टॅपेट फार घट्ट झाले तरी गाडी स्लोला, म्हणजे ॲक्सिलेटर सोडून जागेवर, टिकत नाही आणि शिव्या कार्बोरेटरला बसतात.

फुकटची हवा तपासायची तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडावर नजर टाका. जुनं रबर बाहेरून शाबूत दिसतं, पण वाकवलं की टाचेला पडतात तशा भेगा उघडतात. गाडी स्लोला ठेवून तिथे पिचकारीने थोडं पाणी मारा. इंजिनाचा आवाज बदलला तर चोर सापडला. काहीजण इथे पेट्रोल किंवा स्प्रे मारतात. गरम सायलेन्सर वीतभर अंतरावर असताना हे धाडस कशाला?

काकांच्या गाडीत रबर ठीक निघालं. बाटलीत मात्र गंमत दिसली. पेट्रोल स्थिरावल्यावर तळाशी बोराएवढा, गढूळ, वेगळाच लोळणारा थेंब. पाणी.

उघडल्यावर काय दिसलं

कॉक बंद केला. वाटीचा खालचा स्क्रू सैल करून उरलंसुरलं पेट्रोल काढलं आणि वाटी उघडली. (प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा. दुपारपर्यंत काय कुठे होतं ते आठवत नाही.) तळाला डिंकासारखा पिवळट थर आणि कडेला पांढरी पूड. पेट्रोल महिनाभर उभं राहिलं की हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. पांढरी पूड म्हणजे पाण्याने खाल्लेला धातू.

पायलट जेट म्हणजे बोटाच्या पेराएवढी पितळी नळी. ती बल्बकडे धरून पाहिली तर पलीकडचा उजेडच दिसेना. इथे आकडे बघण्यासारखे आहेत. अशा जेटचं छिद्र किती असतं? केहिन या कार्बोरेटर कंपनीच्या जेटवर ३८ लिहिलं असेल तर ते ०.३८ मिलिमीटर. राळेचा एक कण पुरतो.

म्हणूनच इथे स्टोव्हची पिन चालवायची नाही. पितळ मऊ, पिन पोलादी. ०.३८ चं छिद्र खरवडून ०.४० झालं, तर दिसायला काहीच फरक नाही, पण छिद्राचं क्षेत्रफळ सुमारे ११ टक्क्यांनी वाढतं. त्यानंतर गाडी जन्मभर रिच, आणि कारण कुणालाच सापडत नाही. आम्ही जेट कार्ब क्लीनरमध्ये भिजवला. मग जुन्या चार्जरच्या वायरीतली तांब्याची एकच बारीक तार हळू फिरवली आणि शेवटी हवा मारली. पुन्हा बल्बकडे धरला, तर मधोमध टाचणीच्या टोकाएवढा गोल उजेड. काकांना दाखवला. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

काही गाड्यांत पायलट जेट ठोकून बसवलेला असतो, निघत नाही. तिथे कार्ब क्लीनरचा स्प्रे आणि हवा यांवरच भागवायचं. निघणारा असेल तर खाचेत चपखल बसणारा स्क्रू ड्रायव्हरच घ्या, नाहीतर डोकं झिजून जेट तिथेच अडकतो. स्प्रे मारण्याआधी रबरी ओ-रिंग, आणि असेल तर डायफ्रॅम (पातळ रबरी पडदा), काढून ठेवा, कारण स्प्रे रबर फुगवतो. डोळ्यांना चष्मा लावा. एका छिद्रात मारलेला फवारा दुसऱ्यातून थेट तोंडावर येतो.

फ्लोटच्या सुईचं टोक भिंगातून बघा. तिथे गोल कडा उमटली असेल तर सुई बदला. वाटीच्या नळीतून पेट्रोल ठिबकतं, म्हणजे ‘ओव्हरफ्लो’ होतो, तो बहुधा इथेच. कधी नुसता कण अडकलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीला दोन टिचक्या मारल्या की सुटतो. पण फोर-स्ट्रोक गाडीत ठिबकणारं पेट्रोल इंजिनातही उतरू शकतं. ऑइलची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय चालवू नका. आणि रात्री कॉक बंद करायची आपल्या वडिलांची सवय पुन्हा लावून घ्या.

बसवताना एक सांभाळा. गोल स्लाइडची तिरपी कापलेली बाजू एअर फिल्टरकडे हवी. उलटी बसली तर गाडी स्लोला उतरतच नाही आणि किक मारताच किंचाळत सुटते.

“पण हे सगळं इथेनॉलमुळेच ना?”

थोडं हो, बरंचसं नाही.

आधी ‘हो’चा भाग. इथेनॉलमध्ये स्वतःचाच प्राणवायू असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. ई-२० च्या एका ग्रॅमला साधारण १३.५ ग्रॅम हवा पुरते. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल फवारणाऱ्या नव्या गाडीत सायलेन्सरमधला सेन्सर हे हुंगतो आणि पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला नाक नाही, त्याचं छिद्र तेवढंच राहतं. त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर बेतलेली जुनी गाडी ई-२० वर सुमारे आठ टक्के लीन चालते. आधीच लीनच्या काठावर असेल तर हा धक्का जाणवतो. थंड इंजिन कुरकुरतं, ॲक्सिलेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होते.

ॲव्हरेजचंही तसंच. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी ऊर्जा. मग वीस टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी. पण पंपावर त्याआधी दहा टक्क्यांचं मिश्रण होतंच, त्याच्याशी तुलना केली तर फरक याच्या निम्मा. “साठ द्यायची ती चाळीसवर आली” असं कुणी म्हणत असेल तर त्याने ब्रेक घासतोय का तेही बघावं.

जुनं रबर फुगणं किंवा कडक होणं, हेही खरं. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलंय. हे भाग स्वस्त आहेत, बदलून टाका. शिवाय इथेनॉल चांगला विद्रावक आहे. वीस वर्षं टाकीत चिकटून बसलेली घाण तो सोडवतो आणि ती खाली जेटमध्ये येते. म्हणून नळीत बारीक पेट्रोल फिल्टर बसवणं मला सगळ्यात शहाणपणाचा खर्च वाटतो.

आता ‘नाही’चा भाग. काकांच्या बाटलीतला थेंब पंपावरून आलाच असं नाही. इथेनॉल पाण्याला आपल्यात सामावून घेतो, आणि थोडं पाणी तर त्याच्याबरोबर विरघळून जळूनही जातं. शुद्ध पेट्रोलमध्ये तेच पाणी सरळ तळाला बसलं असतं. पण पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉललाच ओढून वेगळं होतं आणि दोघं मिळून तळ गाठतात, नेमके कॉकच्या तोंडाशी. म्हणजे प्रश्न असा, की पाणी आलं कुठून? काकांच्या टाकीच्या झाकणाचं रबर बिस्किटासारखं तुटत होतं आणि जिन्याखालच्या त्या कोपऱ्यात पन्हाळीचं पाणी उडत होतं.

“स्क्रू आवळला तर ॲव्हरेज वाढेल का?”

हा मोह सार्वत्रिक आहे. कार्बोरेटरच्या कडेला छोटा मिश्रणाचा स्क्रू असतो आणि प्रत्येक नाक्यावर त्याला पाव फेरा आवळणारा एक तज्ज्ञ असतो.

आधी तो स्क्रू कोणता ते बघा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आवळला की रिच. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आवळला की लीन. म्हणजे एकाच्या गाडीला लागू पडलेला सल्ला दुसऱ्याच्या गाडीत बरोबर उलटा पडतो. आणि मुख्य म्हणजे त्याची सत्ता पायलट जेटच्या हद्दीपुरती. हायवेवर पन्नास-साठच्या वेगात खर्च होणाऱ्या पेट्रोलशी त्याचा फारसा संबंध नाही.

नीट सेट करायचं असेल तर असं करा. स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने पूर्ण आत घालून किती फेरे झाले ते लिहून ठेवा. जोर लावला तर टोक मोडतं. गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा, स्लो थोडा वाढवा. मग स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत इंजिन कुठे सगळ्यात जलद आणि एकसारखं वाजतं ते कानाने शोधा. सापडलं की स्लो खाली आणा. ई-२० वर ही जागा पूर्वीपेक्षा जरा रिचकडे सरकलेली आढळते, ते साहजिक आहे. मधल्या ॲक्सिलेटरला लीनचे धक्के असतील आणि सुईला एकापेक्षा जास्त खाचा असतील, तर सुईवरची क्लिप एक खाच खाली घ्या. सुई तेवढी वर उठते.

“एवढी कटकट कशाला, नवाच टाकतो”

टाका, पण दोनच कारणांनी. स्लाइड घराला घासून इतकी सैल झाली असेल की बोटाने हलवल्यावर खुळखुळते, किंवा बॉडीला चीर गेली असेल. मग हवा रोखता येत नाही आणि सेटिंग टिकत नाही. एरवी कार्बोरेटर हा ओतीव धातूचा ठोकळा, त्याला मरायला वेळ लागतो. बाजारातल्या स्वस्त नकली कार्बोरेटरमध्ये जेटवर लिहिलेला आकडा आणि खरं छिद्र यांची गाठ पडेलच असं नाही. तो बसवून जुना मूळचा भंगारात दिलेले लोक मी पाहिलेत, नंतर तोच शोधत जुन्या बाजारात फिरतात.

महिन्याभरापेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करा, वाटी रिकामी करा आणि टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही.

काकांची गाडी साडेअकराला दुसऱ्या किकला उठली. चोक बंद केला. आम्ही दोघं गप्प उभे राहून ऐकत होतो. एकसारखी टुकटुक, पाच मिनिटं झाली तरी बंद पडली नाही. काकांनी पेट्रोलची ती बाटली उचलली, उन्हात धरून तळाचा थेंब इकडून तिकडे लोळवला आणि म्हणाले, “ही नेतो मी. संध्याकाळी कट्ट्यावर दाखवतो सगळ्यांना, इथेनॉल कसं असतं ते.”

“काका, ते पाणी आहे.”

“हो रे, तेच,” म्हणत ते झाकणाचं रबर आणायला निघाले.